बेपत्ता बत्तीशी

१

सकाळी कपाट उघडलं तेव्हा सोनं जागच्या जागी होतं. दात गेले होते.

मी आयुष्यात बरेच चोर पाहिले, काही जवळून, एक तर नात्यातला. पण सोनं ठेवून दात नेणारा चोर कधी पाहिला नव्हता. ह्या चोराने सोन्याच्या पट्टीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. नेली होती एका म्हाताऱ्याची कवळी. वरची आणि खालची, दोन्ही. तीही अर्धवट, पॉलिश व्हायची राहिलेली.

जागा म्हणजे दात बनवायचा कारखाना. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि त्यावरून इथे कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या तयार होतात, काही टोप्या सोन्याच्या. एक लांबट खोली, भिंतीला लागून बाकं, टोकाला मालकाची काचेची केबिन. प्लास्टरची पांढरी धूळ इतकी, की तिथलं पाळलेलं मांजर मुळात काळं होतं हे नवीन माणसाला शपथेवर सांगावं लागे.

कवळी ज्याची होती तो म्हातारा निवृत्त फौजदार निघाला, आणि ती न्यायला त्याच वेळी दारात येऊन उभा राहिला. त्याच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिने आजोबांना दम भरला होता की फोटोत बोळकं दिसलं तर कात्रीने कापून टाकीन.

मालक तरुण होता, वडिलांमागे नुकताच गादीवर बसलेला. त्याने फौजदारांना केबिनमध्ये खुर्ची दिली, घाम पुसला आणि चोरी झाल्याचं सांगितलं. फौजदारांनी भुवया वर केल्या.

"चोर शोधायला नको साहेब," मालक म्हणाला. "चोर कोण ते मला आज कळलं असं समजू नका. मला दोन महिन्यांपूर्वीच माहीत होतं."

२

चोरी काल झाली आणि चोर दोन महिन्यांपूर्वी कळला. फौजदारांना नोकरीत असताना अशी सोय कधी मिळाली नव्हती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मालकाने सगळं मुद्देसूद सांगितलं. गादीवर आल्या आल्या त्याने एक नियम केला होता. नवीन माणूस घ्यायचा तर आधी त्याचा क्रेडिट स्कोअर पाहायचा. कर्ज घेतलं का, हप्ते वेळेवर भरले का, कुठे बुडवले का, सगळं एका आकड्यात दिसतं. आकडा खाली असेल तर नमस्कार. जुन्यांनाही सूट नव्हती. दर सहा महिन्यांनी त्यांचाही आकडा पाहायचा, रेघेखाली गेला की घरी. ज्याला स्वतःचे पैसे सांभाळता येत नाहीत त्याच्या हाती मी सोनं कसं देऊ, असा त्याचा सवाल होता. आणि तो अगदीच उडवून लावण्यासारखा नव्हता. कडकीत माणूस घसरतो हे फौजदारांनीही पाहिलं होतं.

एकदाच त्याने नियम वाकवला. दोन महिन्यांपूर्वी मेणावर दात बसवणारी एक बाई आली. चाळिशीची, कमी बोलणारी. तिने बसवलेले दात पाहून डॉक्टर फोन करून विचारायचे की हे कोणी केलं. पण आकडा पार गाळात. धाकट्या भावाच्या कर्जाला जामीन राहिली होती. भाऊ परागंदा झाला आणि सगळं हिच्या नावावर बसलं. मालकाने तिला तात्पुरतं घेतलं होतं. कायम करायचं की नाही ते ह्या आठवड्यात ठरणार होतं. घरात आई अंथरुणावर, दुसरं मिळवतं कोणी नाही, आणि गावातल्या बाकीच्या कारखान्यांनी आकडा पाहूनच दार लावलेलं. म्हणजे तिच्यापुढे ही नोकरी होती, नाहीतर काहीच नव्हतं.

"तिनेच केलं," मालक म्हणाला. "आज संध्याकाळी हिशेब करून टाकतो. पोलिसांत द्यायचं का ते तुम्ही सांगा."

काचेतून ती दिसत होती. तिला काम करू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसली होती. रडत नव्हती, चिडली नव्हती. दाताचं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसा तिचा चेहरा तिच्यापासून थोडा लांब गेल्यासारखा दिसत होता.

फौजदारांनी खिशातून पेन्सिल काढली आणि टेबलावरच्या कागदाच्या तुकड्यावर एक प्रश्न लिहून मालकाकडे सरकवला: माझे दात ती कोणाला विकणार?

मालकाने तो वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाला, ते तिलाच विचारा.

३

ह्या फौजदारांबद्दल लोक काय काय सांगतात. एका दरोडेखोराला त्यांनी नुसती जांभई देऊन कबूल करायला लावलं होतं, ही गोष्ट मीच चार ठिकाणी सांगितली आहे, त्यामुळे ती खरीच असणार. पण त्या दिवशी त्यांची पंचाईत झाली होती. तोंडात दात नसले की शब्दांची नुसती हवा होते, आणि माणूस अभिमानी होता. म्हणून त्यांनी ठरवलं, बोलायचंच नाही. समोर बसायचं आणि बघत राहायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही. तो आपणहून ती भरून काढतो.

पहिला आला पॉलिशवाला. त्याला सगळे चकचक म्हणत. पोट सुटलेला, हसरा, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. त्याला तर शांततेचीही गरज नव्हती.

त्याच्या बोलण्यातून फौजदारांना कारखान्याची सगळी रीत कळली. आधी ताई, म्हणजे ती मेणवाली, मेणात दात बसवते. ते डॉक्टरकडे जाऊन पेशंटच्या तोंडात बसवून पाहतात. फौजदारांचे मागच्याच आठवड्यात पाहिले होते आणि छान बसले होते. मग मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं आणि साचा गरम पाण्यात शिजवायचा. ते काम उकडेकाकांचं. मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून तेच उकडतात म्हणून हे नाव. शिजवताना मूळचा प्लास्टरचा ठसा फुटतो, म्हणून इथे प्रत्येक पेशंटच्या जबड्याचा एक जोडठसा आधीच काढून फळीवर ठेवतात. शिजलेली कवळी काकांनी त्याच दिवशी त्या जोडठशावर बसवून पाहायची, दुसऱ्या दिवसावर ते कधी टाकत नाहीत. डगमगली नाही तर पास. मग ती चकचककडे येते.

फौजदारांची कवळी काल दुपारी साच्यातून निघाली होती, नेहमीपेक्षा जरा घाईनेच; साचा घाईने गार केला की प्लास्टिक वाकतं, असं एरवी काकाच सगळ्यांना सांगतात. चहाच्या वेळी चकचकने ती कपाटात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. कपाटाची किल्ली दिवसभर खिळ्यालाच असते, कोणीही घ्यावी. पण बाहेर मात्र काही जात नाही. सोन्यामुळे मालक संध्याकाळी दारात उभा राहून प्रत्येकाचा डबा, पिशवी आणि खिसे तपासतो. काल त्याने चकचकच्या डब्यातली उरलेली चटणीसुद्धा चमच्याने ढवळून पाहिली होती.

"आणि वर मलाच शिव्या," चकचक म्हणाला. "शाळेतल्या त्या मास्तरीणबाई आहेत ना, त्यांचा खालचा जबडा फळीवर सापडत नाहीये सकाळपासून. मी जबडा खातो की काय?"

जाताना दारात थांबून त्याने आवाज खाली आणला. ताई चांगली आहे हो, पण साहेब, तिचा आकडा...

फौजदारांनी नुसतं पाहिलं. तो गेला.

मग उकडेकाका आले. साठीला टेकलेले, स्वच्छ दाढी, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. मालक म्हणायचा की काकांचा आकडा कारखान्यात सगळ्यात वर आहे; त्याने तो केबिनमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता, पोराचे मार्क वाचावेत तसा.

काका बसले. फौजदार गप्प. भिंतीवरचा पंखा किरकिरत राहिला.

काही वेळाने काकांनीच सुरुवात केली. कवळी शिजवली, काढली, कपाटात ठेवली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. जोडठशावर तपासायची राहिली होती, ती आज सकाळी तपासणार होते. मग पुन्हा गप्प. मग न विचारता म्हणाले, ते कोणाबद्दल वाईट बोलत नाहीत, पण ज्याच्यामागे वसुलीवाले लागलेत त्याच्या मनात काय येईल सांगता येत नाही. हे बोलताना ते काचेतून ताईकडे पाहत नव्हते. त्यांनी पुन्हा पुन्हा गुंडी चाचपून पाहिली. ती लागलेलीच होती.

४

ताईला बोलावलं तेव्हा ती उठली, स्टूल आत सरकवलं आणि आली.

तिच्यापुढे मात्र फौजदारांची युक्ती चालेना. ते गप्प बसले, तीही गप्प बसली. शांतता भरून काढायची तिला काही घाई नव्हती. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मालक म्हणतो बाहेरचं मांजर कंटाळून निघून गेलं.

शेवटी मालकच मध्ये पडला. त्याने विचारलं, वसुलीवाल्यांचे फोन अजून येतात का. ती म्हणाली, येतात. कामाच्या वेळेत घेते का. नाही. भावाचा पत्ता लागला का. नाही. मग आकडा सुधारणार कसा? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की तिला माहीत नाही.

हे सगळं ती दुसऱ्या कोणाबद्दल सांगत असल्यासारखं सांगत होती. चोरी केलीस का, असं मालकाने विचारलं तेव्हाही तिने त्याच सुरात नाही म्हटलं. आईच्या औषधाची वेळ झाली की शेजारणीला फोन करावा लागतो, तेवढा करू का, एवढंच तिने आपणहून विचारलं.

ती गेल्यावर फौजदार उठले आणि बाहेर फळीसमोर जाऊन उभे राहिले. प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, सगळे पांढरे, सगळे एकसारखे. नंबर कोरलेला बुडाला. उचलून उलटा केल्याशिवाय कोणाचा कोणता कळायची सोय नव्हती. पण फौजदारांना उलटा करायची गरज पडली नाही. मधल्या एका जबड्याला उजवीकडे खोल खाच होती. तरुणपणी एका गुंडाने तिथे काठी मारली होती, आणि तेव्हापासून त्यांची जीभ रोज त्या खाचेतून फिरत आली होती. स्वतःचं घर माणूस अंधारातही ओळखतो.

त्यांचा खालचा जबडा फळीवर होता. गेला होता मास्तरीणबाईंचा.

फौजदार वळले. त्यांनी मालकाला खूण केली, सगळ्यांना बोलाव.

५

खोलीच्या कोपऱ्यात, हात धुवायच्या बेसिनखाली, टाकाऊ प्लास्टरचं पिंप होतं. भांड्यात उरलेलं प्लास्टर घट्ट झालं की काढून त्यात फेकायचं, अशी पद्धत. फौजदारांनी पिंपात हात घातला. वाटीएवढे वाटीएवढे गोळे निघाले. ते त्यांनी बाजूला ठेवले. मग खालून दोन्ही हातांनी एक मोठा गोळा उचलला, भोपळ्याएवढा, आणि ताईच्या बाकावर ठेवला. चकचककडे हात पुढे केला. त्याने हातोडी दिली.

 काका बेसिनला पाठ लावून उभे होते.

तिसऱ्या ठोक्याला गोळा उकलला. आत गुलाबी काहीतरी दिसलं. चकचकने नखांनी प्लास्टर सोलून काढलं. आधी वरची कवळी निघाली, मग खालची. खालची एका जबड्याच्या ठशावर तिरपी टेकलेली होती. त्याने ठसा उलटा केला आणि नंबर वाचला. मास्तरीणबाईंचा.

फौजदारांनी कवळी नळाखाली धुतली. रुमालाने पुसली. मग सगळ्यांकडे पाठ करून ती तोंडात बसवली, आधी वर, मग खाली. जबडा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. टक असा आवाज आला.

ते वळले तेव्हा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

"बरोबर बसली," ते म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य, आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ. "मालक, आता ऐका. चोर सोन्याशेजारून दात नेतो, म्हणजे त्याला पैसा नको होता. कवळी दारातून बाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे ती आतच होती. आणि आत एकच वस्तू अशी आहे, जी ओली असताना काहीही गिळते आणि वाळली की कोणी तिच्याकडे बघत नाही. पण चोराने एक जबडाही लपवला. कशाला? जबड्यावर कवळी कोण बसवून पाहतं?"

चकचकचं तोंड उघडं राहिलं. मालकाने काकांकडे पाहिलं.

फौजदार पुढे बोलत राहिले. ताईचं काम मागच्याच आठवड्यात त्यांच्या तोंडात पास झालं होतं. तिला लपवायला काही उरलं नव्हतं. चकचकच्या हातात कवळी अजून गेलीच नव्हती. राहिला तो माणूस, ज्याने इतक्या वर्षांत शिजलेली कवळी दुसऱ्या दिवसावर कधी टाकली नाही, आणि नेमकी हीच टाकली म्हणत होता. त्याने ती काल संध्याकाळी तपासली होती. फळीवरून जबडा घेतला, कवळी बसवली आणि ती डगमगली. साचा गरम पाण्यातून घाईने काढून गार केला की प्लास्टिक वाकतं. काल त्याने घाई केली होती. त्याला वाटलं, वाकली. काम फुकट गेलं. दोष आपला. आता कवळी सापडली किंवा तो जबडा सापडला तर सगळ्यांना कळेल, म्हणून दोन्ही एकत्र पुरून टाकली.

"कवळी सरळ होती," फौजदार म्हणाले. "जबडा दुसऱ्याचा होता. उलटून नंबर बघायचा धीर त्यांना राहिला नाही."

काका खाली बसले. बेसिनच्या पायाशी, ओल्या फरशीवर, त्या स्वच्छ पँटसकट.

६

मालकाला ते पटेना. काका का म्हणून असं करतील? त्यांचा आकडा तर सगळ्यात वर.

काकांनी खालूनच उत्तर दिलं. आवाज सपाट होता. बिघडलेल्या कामाची भरपाई पगारातून कापायचा नियम होता. पगार कापला की घराचा हप्ता चुकणार. हप्ता चुकला की आकडा उतरणार. पुढच्या महिन्यात मालक आकडे पाहणार होता. ह्या वयात दुसरीकडे जावं तर तिथेही आधी आकडाच विचारतात. काल संध्याकाळी कवळी हातात डगमगली तेव्हा हे सगळं त्यांना एका क्षणात दिसलं, आणि मग ते काय करत होते ते त्यांना नीटसं आठवत नव्हतं. प्लास्टर कालवल्याचं आठवत होतं.

"आणि ताईवर ढकललंत, ते आठवतं का?" फौजदारांनी विचारलं.

काकांनी मान हलवली. आठवत होतं.

फौजदार मग ताईकडे वळले. तिचं बाक बेसिनला लागून होतं. काकांनी हातात काही काम नसताना भांडंभर प्लास्टर कालवलेलं तिला दिसलं नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

"दिसलं होतं," ती म्हणाली.

मालक जवळजवळ ओरडलाच. मग सकाळपासून सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. मग त्यांचा आकडा पडला असता. पडल्यावर पुढे काय होतं ते मला माहीत आहे. आणि तुम्ही मला दातांचं विचारलंच कुठे? तुम्ही फोनचं विचारलंत, भावाचं विचारलंत. प्लास्टरचं विचारलं असतंत तर मी खोटं बोलले नसते."

 मालकाने कपाळ चोळलं. काकांना आजच काढतो, असं काहीसं तो पुटपुटला. ताईवरचा संशय गेला, पण नियम तो नियमच, असंही काहीतरी. वाक्य मात्र कुठलंच पुरं होईना.

फौजदारांनी त्याला शांतपणे सांगितलं की त्यांची तक्रार नाही. वस्तू कारखान्यातच होती आणि ती त्यांच्या तोंडात पोचली. ह्याला चोरी म्हणणारं कलम त्यांनी तरी वाचलेलं नाही. मग नव्या दातांची सवय करत असल्यासारखं, प्रत्येक शब्द चावून, त्यांनी विचारलं:

"मालक, तुमचा स्वतःचा आकडा किती?"

नुसता सहज विचारलेला प्रश्न. पण मालकाची दातखीळ बसली. वडिलांच्या कारखान्यावर त्याने किती कर्ज उचललं होतं, ते तिथे कोणाला माहीत नव्हतं. त्याच्या कानांच्या रंगावरून ते सगळ्यांना एकदमच कळलं. स्वतःच्या कारखान्यात त्याने स्वतःला शिपाई म्हणूनही घेतलं नसतं. चकचकने तोंड फिरवलं आणि मशीन उगीचच चालू करून बंद केलं.

मालक केबिनमध्ये गेला. बराच वेळ काचेकडे पाठ करून उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने कोणाकडे न पाहता सांगितलं की आकडे पाहायचं बंद. काम बिघडलं तर काम पाहू. काकांनी ह्या महिनाभर ताईच्या समोर तपासणी करायची, एकट्याने नाही. ताई कायम. कागद उद्या करतो.

ताईने बरं म्हटलं. आभार मानायचं तिला सुचलं नाही, आणि मालकालाही ते सुचलेलं बरं वाटलं नसतं. तिने शेजारणीला फोन लावून आईने औषध घेतलं का ते विचारलं. मग बाकावरचे प्लास्टरचे तुकडे हाताने लोटून पिंपात टाकले, दिवा पेटवला आणि मेण तापायला ठेवलं.

चकचकने कवळी पॉलिश करून दिल्यावर फौजदार फोटोचा सराव करत, म्हणजे वाटेत भेटेल त्याला दात दाखवत, घरी गेले.

काका अजून बेसिनपाशीच होते. उठले, पँट झटकली आणि तिच्या बाकापाशी येऊन उभे राहिले. ती मेणात चाकू फिरवत होती. त्यांना माफी मागायची होती हे तिला दिसत होतं. त्यांना ती जमत नव्हती हेही दिसत होतं.

"ताई," ते म्हणाले, "मी तुम्हाला जाऊ दिलं असतं. आज संध्याकाळी तुम्ही गेला असतात तर मी गप्प बसलो असतो."

"माहीत आहे."

"तुम्हाला राग आला असेल."

तिने चाकू दिव्यावर धरला, मेण टेकवलं, एक दाढ तिच्या जागी बसवली आणि अंगठ्याने दाबून पाहिली.

"अजून काही वाटत नाहीये काका," ती म्हणाली. "वाटलं की सांगेन."